अर्धवट गोधडी

तुम्ही दोघांनी तिकडच्या संग्रहालयातला जो फोटो पाठवलात, तो मी चष्मा बदलून दोनदा पाहिला. काचेच्या आड एक गोधडी टांगलेली आणि शेजारी पाटी. आजी, आपल्याकडे असं काही आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. आहे. माझ्या पलंगावर आहे, खाली सतरंजी, वर ती. पण गोधडी टांगणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फार वाईट आहे आणि ते कशामुळे झालं ते सविस्तर सांगते. तुमचे आईवडील वाचून दाखवतील. त्यांनी मधली वाक्यं गाळू नयेत.

गेल्या उन्हाळ्यात परभणीत एका मंगल कार्यालयात तीन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय होता पारंपरिक आणि आधुनिक भरतकाम. भरवणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्याकडे आल्या, कारण परदेशातून कलाकार येणार होती आणि तिला नमस्तेच्या पुढे काही येत नव्हतं. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा दुभाषी म्हणून मीच. मी वेळेवर गेले. बाकी कुणीही वेळेवर आलं नाही.

पाहुणी आपल्याच वंशाची, पण जन्म आणि शिक्षण सगळं तिकडचं. अंगात ठिगळांचं जाकीट. एप्रिल महिन्यात, परभणीत, जाकीट! तिने आपलं काम पडद्यावर दाखवलं. लाकडी कड्यात ताणलेलं पांढरं कापड, त्यावर लाल दोऱ्याचे पाचसहा टाके, आणि उरलेला दोरा खाली लोंबत सोडलेला. असे वीसेक नमुने. मुलींच्या शाळेत आम्हाला साखळी टाका आणि काश्मिरी टाका शिकवणाऱ्या बाई होत्या. दोरा असा लोंबता दिसला तर त्या कापड काढून घेत आणि मुलीला वर्गाबाहेर उभं करीत. पाहुणीने त्या लोंबत्या दोऱ्यावर पाऊण तास भाषण केलं आणि मी ते सगळं मराठीत आणलं. समोर बसलेल्या पंचवीस बायका पदराने वारा घेत ऐकत होत्या. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात कमीत कमी पन्नास गोधड्या शिवल्या असतील.

त्यांच्यात एक जवळच्या पिंगळी गावची होती. तिला मी आधीपासून ओळखते. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी जमीन, आणि उन्हाळ्यात गोधड्या शिवायचं काम. माझ्या पलंगावरची तिनेच शिवली आहे. तिचा धावदोरा पट्टी ठेवून मारल्यासारखा जातो. बोट ठेवून पाहिलं तर दोन टाक्यांमधलं अंतर कुठेही बदलत नाही. मला शिस्तीची माणसं आवडतात आणि अशी माणसं फार थोडी भेटली आहेत. ती त्यांतली एक.

पहिल्या दिवशी दुपारी पाहुणी सगळ्यांमधून फिरत आली, हिच्या हातातला तुकडा पाहिला आणि मान हलवली. मला म्हणाली, हिला सांगा, इतकं सरळ नको. टाके जरा वाकडेतिकडे, लहानमोठे पडू देत.

"बाई, काय म्हणायलीय ती?" पिंगळीवालीने विचारलं.

"टाके वाकडे मार म्हणते."

"वाकडे? का बरं?"

"वाकडे असले की हाताने केलेलं वाटतं म्हणे."

"मंग सरळ काय पायानं करतेत का?"

आजूबाजूच्या बायका इतक्या हसल्या की पाहुणीही हसली. तिला वाटलं, कार्यशाळा रंगली. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या सासूनं असला टाका बघितला असता तर उसवून हातात दिला असता. अन् जेवाय दिलं नसतं." तरीही सगळ्या वाकडे टाके मारायला बसल्या, कारण पाहुणीचं मन मोडायचं नाही. पाहण्यासारखं दृश्य होतं. चांगल्या हाताच्या बायका एकमेकींच्या कापडात डोकावून, कुणाचं जास्त बिघडलं ते पाहत होत्या. पिंगळीवालीने चार टाके वाकडे घातले, पाचवा आपोआप सरळ पडला. तिने तो तुकडा बाजूला ठेवला आणि पिशवीतून स्वतःचं काम काढलं.

ती लेकराची गोधडी होती. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. आमच्याकडे बाळाची पहिली गोधडी आजी शिवते आणि वरचं कापड आजीच्या किंवा पणजीच्या जुन्या लुगड्याचं लागतं. वापरून मऊ झालेलं, खळ गेलेलं. हे हिच्या आईचं लुगडं होतं, आई गेली त्या वर्षीपासून जपून ठेवलेलं. काठ हिरवा, अंग वांग्याच्या रंगाचं. कडेकडेने शिवत ती निम्म्यापर्यंत आली होती. सुई कापडातच खोवलेली, दोरा बाहेर.

पाहुणी समोर आली आणि गुडघ्यांवरच बसली. हे फार सुंदर आहे, फार सुंदर आहे, असं तीनदा म्हणाली. मी सांगितलं. पिंगळीवाली लाजली आणि म्हणाली, "घ्या की मग."

आता ही आमच्याकडची रीत आहे. कुणी आपल्या वस्तूची तारीफ केली की 'घ्या की' म्हणायचं. समोरच्याने 'असू द्या, तुमच्याकडेच शोभते' म्हणायचं. मग दोघांनी चहा घ्यायचा. इथे दुकानातला माणूससुद्धा कधी कधी पैसे नको म्हणतो आणि कुणीही शहाणा माणूस त्यावर पैसे परत खिशात टाकत नाही. हैदराबादच्या राजवटीतून हा तकल्लुफ, म्हणजे वरवरचा उपचार, आमच्या अंगात मुरला आहे. हे मला ठाऊक होतं. तरी मी ते दोन शब्द जसेच्या तसे इंग्रजीत केले आणि थांबले. उकडत होतं, सकाळपासून त्या लोंबत्या दोऱ्यांचा कंटाळा आला होता, आणि चांगल्या घरची बाई नाही म्हणेलच, तेवढंही समजावणं माझं काम नाही, असं मला वाटलं.

पाहुणीने तिला मिठी मारली, गोधडी उचलली, पातळ कागदात गुंडाळली आणि आपल्या पेटीत ठेवली. सुईसकट.

चहाच्या वेळी पाण्याच्या पिंपाजवळ पिंगळीवालीने मला गाठलं.

"बाई, तिनं खरंच घेतली की हो."

"तूच म्हणालीस, घ्या."

"म्हणायचंच असतंय की. तुमी सांगायचं न्हवं का तिला?"

ती पुढे म्हणाली, "लेक चार-दोन दिवसांत दवाखान्यात जाईल. लुगडं एकच होतं आईचं. दुसरं हाय कुठं?"

मी लगेच पाहुणीकडे गेले आणि रीत समजावून सांगितली. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, दिलेली भेट परत केली तर त्या बाईचा अपमान होईल, तो मी करणार नाही. मी म्हटलं, ती भेट नव्हती. ती म्हणाली, तुम्ही तिच्या उदारपणाला कमी लेखता आहात. माझ्याच देशात, माझ्याच जिल्ह्यात, मला हे ऐकावं लागलं. वर तिने प्रदर्शनात गोधडीशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर दाखवला, आधीच टाइप केलेला. त्यात शिवणारीचा उल्लेख 'जिंतूर भागातील अज्ञात स्त्री' असा होता. मी म्हटलं, ती पिंगळीची आहे आणि दहा हातांवर चहा पिते आहे. पाहुणी म्हणाली की अज्ञात या शब्दात एक खोली आहे.

अध्यक्षीणबाई तर त्याहून धन्य. "मॅडम, वाद नको. पाहुण्या उद्या आपला फोटो बाहेर छापणारेत. तिला आपण बाजारातलं छान मऊ ब्लँकेट देऊ, वाघाच्या चित्राचं. बाळाला काय कळतंय?" या बाईंच्या घरी चार पिढ्यांच्या गोधड्या होत्या. बोहारणीला दिल्या आणि स्टीलचे डबे घेतले. आता कार्यशाळा भरवतात.

दुसऱ्या दिवशी पिंगळीवाली पुन्हा आली. मला वाटलं होतं, येणार नाही. संध्याकाळी निघताना तिने विचारलं, "बाई, तिला त्याच्यात एवढं काय आवडलंय? काठ का रंग?"

"दोन्ही नाही. अर्धवट आहे, ते आवडलंय. तिच्या प्रदर्शनाचा विषयच तो आहे, अपूर्ण राहिलेलं काम. सुई तशीच ठेवून टांगणार आहे."

"अर्धवट हाय म्हणून?"

"म्हणून."

"असं म्हणा," एवढंच म्हणाली आणि पॅसेंजर गाठायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मला म्हणाली, "तिला विचारा, आज शेवटचा दिस हाय, जरासा हात लावू देती का. आईचं कापड हाय, एवढं म्हणावं." मी विचारलं. पाहुणीला आनंदच झाला. तिने स्वतः गोधडी आणून दिली, मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर लावला आणि चित्रीकरण सुरू केलं.

पिंगळीवालीने मांडी घातली, कापड पसरलं आणि शिवायला लागली. गोधडी कडेकडून आत शिवत येतात, चौकोनात चौकोन, आणि शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. एरवी ती मध्ये बोलते, हसते, पाणी मागते. त्या दिवशी मान वर केली नाही. हात इतका झरझर चालला होता की शेजारच्या दोघी आपलं काम टाकून पाहत बसल्या. मग एकीने न सांगता दुसऱ्या सुईत दोरा ओवून दिला, म्हणजे थांबायला नको. पाहुणी मोबाईलमागून फार सुंदर, फार सुंदर म्हणत होती. ती काय पाहते आहे ते तिला कळत नव्हतं. मला तासाभराने कळलं आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

मधला चौकोन उरला तेव्हा पिंगळीवालीने पदराच्या गाठीतून ज्वारीच्या भाकरीचा वाळका तुकडा काढला, नखाएवढा, आणि आत सरकवला. गोधडी उपाशी ठेवत नाहीत, पोटात भाकर घालून मग मिटवतात. उरलेले टाके घातले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि सुई पदरात खोवली.

पाहुणी धावत आली. हे काय केलं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, पूर्ण केली. तिने कापड उलटंपालटं करून पाहिलं. सगळीकडे तोच सरळ, एकसारखा टाका. लोंबता दोरा नाही, सुई नाही. तिचा चेहरा गिऱ्हाइकाने माल परत आणल्यावर दुकानदाराचा होतो तसा झाला. ती म्हणाली, मधला भाग तरी उसवायला सांगा.

मी सांगितलं. पिंगळीवाली अदबीने म्हणाली, "उसवली असती की. पण भाकर घातलेली आमच्यात उसवत न्हाईत. लेकराला बरं नसतंय."

हे मी शब्दशः सांगितलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी भाषांतरात भर घातली. म्हटलं, आत अन्न आहे, कसर लागेल, मुंग्या येतील, विमानतळावर पेटी उघडायला लावतील. पाहुणीने गोधडी दोन बोटांनी धरून परत दिली. म्हणाली, आता ही साधी गोधडीच झाली. मग तिने बायकांनी मुद्दाम बिघडवलेल्या तुकड्यांपैकी सगळ्यात वाईट तुकडा निवडला, त्यात सुई खोवून घेतली आणि समाधानाने पेटीत ठेवला. तोच कुठेतरी टांगला असेल. लोक त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत असतील.

समारोपाच्या भाषणांना आम्ही दोघी थांबलो नाही. मी तिला रिक्षाने स्टेशनवर सोडलं. वाटेत मी म्हटलं, चूक माझी होती, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "व्हय," आणि पिशवी मांडीवर नीट धरून बसली. माझं मन राखण्यासाठी दुसरं काही म्हणाली नाही, हे मला आवडलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी तिचा फोन आला. "नात झाली परवा, बाई. लय गोरी हाय, बापावर गेलीय."

"आणि गोधडी?"

"तिसऱ्यांदा धुवून वाळत घातलीय आत्ता."