पुणेकर सरांचा खरा पांढरा

पुणेकर सर रंग एकाच डोळ्यानं बघायचे. दुसरा डोळा चांगला धडधाकट होता, पण वेबसाइटचा रंग पसंत करायची वेळ आली की ते तो मिटून घ्यायचे, मोबाइल हातभर लांब धरायचे आणि मान तिरकी करून म्हणायचे, "फील येत नाही." कसला फील, ते त्यांनी तीन वर्षांत कोणालाही सांगितलं नाही. आम्ही निळा जरासा गडद करून पुन्हा दाखवायचो. कधीकधी काहीच न बदलता दाखवायचो. "बघा, आता कसा फील आला!" असं ते म्हणाले की हसू दाबता दाबता आमची पुरेवाट व्हायची.

पुणेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. माणूस आमच्याच भागातल्या मोहोळचा. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत अकरा महिने काढून आला आणि होटगी रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डिझाइनचा प्रमुख होऊन बसला. बोलायला लागले की "पुण्यात आमच्याकडे" ठरलेलं. पुण्यात आमच्याकडे चहा मीटिंगनंतर घेतात, पुण्यात आमच्याकडे पंखा दोनवर ठेवतात. राग आला की मात्र पुणं गळून पडायचं. "काय लावलंय हितं? कुटं गेला त्यो बटणाचा रंग?" हा मोहोळचा माणूस मला त्यातल्या त्यात बरा वाटायचा, पण तो फार वेळ टिकत नसे.

एकदा चादरी-टॉवेलच्या कारखान्याचं काम आलं. विणकरांचं घराणं, घरात तेलुगू. कारभार अण्णांच्या हातात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांना एकाच वेबसाइटची तीन रूपं हवी होती: रोजचं उजळ, रात्री डोळ्यांना त्रास न देणारं काळं आणि एक दिवाळीचं. नसरीन नावाची मुलगी तेव्हा सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे आली होती. तिनं रंगांची मांडणी अशी केली की मला हेवाच वाटला. रंगांना तिनं कामावरून नावं दिली: पार्श्वभूमी, मजकूर, बटण, इशारा. रूप बदललं तरी नावं तीच, फक्त नावापुढचा रंग बदलायचा. 'मजकूर' उजळ रूपात काळा, काळ्या रूपात पांढरा. संपलं काम.

इतकं सरळ संपलेलं काम सरांना कसं चालेल? "पार्श्वभूमी म्हणजे कोणता रंग? अण्णांना काय कळणार? पुण्यात आमच्याकडे पांढऱ्याला पांढराच म्हणतात." झालं, सगळी नावं बदलली. आता काळ्या रूपात 'पांढरा' नावाचा रंग काळा झाला. जिथं पांढरा खरोखर पांढरा हवा होता, तिथं सरांनी 'खरा पांढरा' काढला. दिवाळीच्या रूपात तोही पिवळसर करावा लागला, तेव्हा 'एकदम खरा पांढरा' जन्माला आला. ज्यांचा जन्म सूत रंगवण्यात गेला त्या अण्णांना रंग कळणार नाहीत, अशी काळजी या गृहस्थाला!

"सर, ह्यात लई घोळ होईल की," नसरीन म्हणाली.

"तू अजून नवीन आहेस," सर म्हणाले. विषय मिटला.

तिला वाद घालणं परवडणारं नव्हतं. तिचे अब्बा टेम्पो चालवायचे, पण कंबर गेली आणि ते घरी बसले. घर तिच्या पगारावर आलं होतं. कारखान्याची वेबसाइट पसंत पडली की नोकरीत कायम केल्याचं पत्र देतो, असं आमच्या मालकांनी तिला सांगितलं होतं. ती रोज आमच्या आधी येऊन बसायची.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सर मोहोळहून भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले होते. दुपारभर आईच्या उशाशी बसले आणि त्या दुपारी त्यांनी पुण्याचं नावही काढलं नाही. त्या दिवशी मला हा माणूस मनापासून आवडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा फील सुरू झाला.

अण्णांना काम दाखवायच्या दिवशी सकाळी सर माझ्या शेजारी बसले होते. डोळा मिटलेला. "काळ्या रूपात हा खरा पांढरा टोचतोय," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं तो जवळजवळ काळा करून टाकला. मी म्हणालो, "सर, ऑर्डरच्या फॉर्मची अक्षरं त्याच रंगात आहेत." ते म्हणाले, "तू फील बघ."

तासाभरानं अण्णा आले. त्यांनी मोबाइलवर काळं रूप लावलं, फॉर्म उघडला आणि सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. काळ्यावर काळं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"मी नाव टाकलो, दिसंना की," ते म्हणाले.

सर एक क्षणही विचार न करता म्हणाले, "ते नसरीनकडे होतं. नवीन आहे, शिकेल."

नसरीन माझ्याकडे बघत होती. मालकांनीही मलाच विचारलं, "असं झालंय का?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

चूक नसरीननंच दहा मिनिटांत दुरुस्त केली. वेबसाइट अण्णांना पसंत पडली, पत्र मात्र आलं नाही. सहा महिने भरले तसं मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सर त्या दिवशी रजेवर होते. तिनं डबा पिशवीत घातला आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबली.

"दादा, तुमी शेजारीच बसला होता की."

मी तिला दुसऱ्या एका ऑफिसचं नाव सुचवायला लागलो. ते संपायच्या आत ती जिना उतरली होती.

पुढच्या वर्षी सरांना पुण्यातली नोकरी पुन्हा मिळाली. निरोपाच्या दिवशी मालकांनी विचारलं, तुमच्या जागी कोणाला बसवू? सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यालाच बसवा. नको तितं तोंड उघडत न्हाय."

तीन वर्षांत त्या माणसानं बरोबर ओळखलेली ही एकच गोष्ट. मी लगेच हो म्हणालो.