सल्वाच्या पलीकडली बहीण

जनरल अब्दुल रहमान लष्करातून निवृत्त झाले, तेव्हा मच्छिंद्रला वाटलं, आता बाबा निवांत घरी बसतील. कतारमध्ये घरातली नोकरमाणसं मालकाला बाबाच म्हणतात. मच्छिंद्र बीडकडचा, बायको बबीता आणि पोरं गावाला ठेवून कित्येक वर्षं त्यांची गाडी चालवत होता. पण महिनाही झाला नाही तोच संरक्षण खात्यातून बोलावणं आलं. गणवेश गेला, पांढरा पायघोळ थोब आला आणि कतारात होऊ घातलेल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या बंदोबस्तातला लष्कराचा सगळा भार बाबांच्या टेबलावर येऊन पडला.

"मच्छिंदर, रणगाडा बरा होता," ते एकदा हिंदीत म्हणाले. "त्यात मीटिंग नसायची."

तरुणपणी आखाती युद्धात ते सौदीतल्या खाफजीला, सौदी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. थोरली बहीण नफिसाही सौदीतच, हुफूफला दिलेली. आई लहानपणीच वारली, तेव्हा तिनंच त्यांना कडेवर वाढवलं. शुक्रवारची नमाज झाली की सल्वाची सीमा ओलांडून गाडी तिच्या दारात उभी राहायची. नफिसा आधी ड्रायव्हरला वाढायची, मग भावाला. "जनरल बाहेर असशील," ती त्यांना दटावायची, "इथं हात धुऊन ये." बाबा मुकाट्यानं उठायचे.

२०१७च्या रमजानात एका सकाळी सौदीसह शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडले आणि सल्वाची वाट बंद झाली. बहिणीचा आवाज तेवढा गाडीतल्या फोनवर उरला. पुढं तिची किडनी बिघडली. तो आवाजही बारीक होत गेला.

खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं गाडीत बसल्या बसल्या सुचवलं, "साहेब, कुवेत मध्यस्थी करतंय, त्यांच्यामार्फत शब्द टाकू. तुमच्यासाठी वाट निघेल."

"माझ्या शिपायांच्या आया तिकडं आहेत," बाबा म्हणाले. "त्यांच्यासाठी निघेल?"

मच्छिंद्रनं आरशात बाबांचा चेहरा बघितला आणि गाडी पुढं काढली.

त्याच उन्हाळ्यात गावाहून फोन आला. हौसाबाईनं, मच्छिंद्रच्या आईनं, अंथरूण धरलं होतं. कामाची एवढी धांदल, रजा कशी मागावी म्हणून तो दोन दिवस गप्प राहिला. शेवटी स्वयंपाक करणाऱ्या जैतूननं बाबांच्या कानावर घातलं. बाबा तरातरा बाहेर आले.

"तुझी वाट कुणी अडवली आहे का?"

"नाही, बाबा."

"मग इथं काय करतोस? यल्ला, निघ!"

मच्छिंद्र पोचला तेव्हा हौसाबाई शुद्धीवर होती. "आलास व्हय रं," म्हणाली, त्याच्या हातानं चमचाभर पाणी प्यायली आणि पहाटे गेली. दिवस घालून तो दोह्याला परतला, तेव्हा बाबांनी पहिलं हेच विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"अल्हमदुलिल्ला," म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

नफिसा त्या हिवाळ्यात गेली. लुसैलच्या स्टेडियमकडून परतताना गाडीतच फोन आला. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून रस्त्याकडेच्या वाळूत पाठमोरे उभे राहिले. मागं क्रेन फिरत होत्या. मच्छिंद्र दार धरून नुसता उभा. जवळ जावं की नाही, कळेना. बऱ्याच वेळानं ते आत येऊन बसले.

"चल. लोक थांबलेत."

त्यांनी मीटिंग केली. मच्छिंद्र खाली गाडीत बसून रडला, दोघींसाठी.

पुढं समेट झाला, सीमा उघडली. करोनाचे नियम सैल होताच बाबा हुफूफला निघाले. भाचा रियाज त्यांना कब्रस्तानात घेऊन गेला. तिकडच्या रिवाजाप्रमाणं कबरींवर नाव नाही, चिरा नाही. मातीचे उंचवटे आणि उशा-पायथ्याला साधे दगड. रियाज दोन रांगांमधून फिरला, थबकला, पुन्हा मागं आला.

"मामा, दफनाच्या वेळी फार गर्दी होती," तो खालमानेनं म्हणाला. "यांतलीच एक. नक्की कुठली, सांगता येत नाही."

बाबा त्याला एका शब्दानंही बोलले नाहीत. पहिल्या उंचवट्यापाशी थांबून त्यांनी दुवा मागितली. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. ऊन चढलं तरी ते पुढं सरकत राहिले, आणि मच्छिंद्र पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागं चालत राहिला.

महिन्याभरात त्यांनी पद सोडलं. वर्ल्डकप अजून वर्षभर लांब होता. पुढल्या वर्षी सामन्यांची तिकिटं घरी आली, ती त्यांनी नोकरमाणसांत वाटून टाकली.