मुद्दाम चुकवलेली उत्तरं

मोरो गावात लाव्हेल प्रुइटला आजही लोक 'अठ्ठावन्न' अशीच हाक मारतात. हॅरोगेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा तेव्हा हा आकडा त्याच्या पाठीवर असे. त्याच आकड्याचे शर्ट विद्यापीठाच्या दुकानात धडाक्यात खपायचे. त्यातला एक त्याच्या आईनं, अर्नेस्टीननं, मासळीच्या कारखान्यातल्या पगारातून विकत घेतला होता. लाव्हेलला त्या विक्रीतला एक पैसाही मिळत नसे. त्याला फी माफ होती, राहायला खोली होती आणि पोटभर जेवण होतं. "पोराला राजासारखं ठेवलंय," असं अर्नेस्टीन चर्चमध्ये सांगायची, आणि तिला ते मनापासून वाटायचं.

राजाचं काम म्हणजे हेल्मेट घालून समोरच्याच्या अंगावर तुटून पडायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा तेच.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची कॉम्प्युटरवर एक परीक्षा व्हायची. पडद्यावर शब्द आणि आकृत्या दाखवायच्या, आणि थोड्या वेळानं काय काय पाहिलं ते विचारायचं. पुढे सामन्यात डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. गुण पहिल्यापेक्षा घसरले की खेळाडू बाहेर. बाहेर बसला की त्याची जागा दुसऱ्याला, आणि जागा गेली की पुढच्या वर्षीच्या फीमाफीची खात्री नाही.

म्हणून संघात एक रीत पडली होती. जुन्यानं नव्याला शिकवायची. लाव्हेलला ती कॉर्टेझ बोल्डननं शिकवली, वसतिगृहात कपडे धूत असताना.

"उद्याच्या परीक्षेत हुशारी दाखवू नकोस," कॉर्टेझ म्हणाला.

"म्हणजे?"

"उत्तरं चुकव. सगळी नाही रे, निम्मीशिम्मी. उद्याच जर ढ ठरलास, तर डोकं आपटल्यावर आणखी किती ढ होणार?"

"आणि कोचला कळलं तर?"

"कोचला काय कळायचंय, लेकरा? त्याला तू शनिवारी मैदानात हवास. बाकी तो काही विचारत नाही."

लाव्हेलनं उत्तरं चुकवली. त्यानंतर डोक्यात घंटा वाजत असतानाही तो त्या परीक्षेत पास होत राहिला. शेवटच्या हंगामात तो एकदा स्वतःच्याच संघाच्या बाकाऐवजी समोरच्या बाकावर जाऊन बसला. सगळे खूप हसले. तोही हसला.

तिशी गाठायच्या आत त्याच्या डोळ्यांना ऊन सोसेना. टायरच्या दुकानात चाकाचे नट आवळायचे विसरला, म्हणून नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर उपचार हवेत, आणि ते बरीच वर्षं चालतील. ऑफेलिया ट्रेंट नावाच्या वकीलबाईंनी फी न घेता प्रकरण हाती घेतलं. खर्च विद्यापीठानं द्यावा, एवढीच मागणी होती.

विद्यापीठाचं उत्तर सरळ होतं. हा मुलगा आमच्याकडे आला त्याच आठवड्यात त्याची स्मरणशक्ती तपासली होती. ती तेव्हाच अशी होती.

"उत्तरं चुकवायला कुणी शिकवलं, ते सांगावं लागेल," ऑफेलियाबाई म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही एकटेच खोटारडे ठरता."

कॉर्टेझ तेव्हा हॅरोगेटमध्येच सहायक कोच होता. लाव्हेल त्याच्या घरी गेला.

"माझं नाव घेऊ नकोस, भावा," कॉर्टेझ दारातच म्हणाला. "तीन पोरं आहेत. घराचे हप्ते आहेत."

"तू स्वतःहून सांगितलंस तर? सगळेच करायचे म्हणून."

"सगळे म्हणजे कोण? सगळ्यांना कुणी काढत नाही. मला काढतील."

परतताना लाव्हेलला ठरलेलं वळण सापडेना. रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यानं आईला फोन केला. अर्नेस्टीन त्याला फोनवरून एकेक खूण सांगत घरापर्यंत घेऊन आली. तो दारातून आत आल्यावर तिनं फोन ठेवला.

"मी मेल्यावर कुणाला फोन करशील?" एवढंच तिनं विचारलं.

सुनावणीत विद्यापीठाच्या वकिलानं नम्रपणे विचारलं, "उत्तरं चुकवायला तुम्हाला कुणी शिकवलं, ते आठवतं का?"

आठवत नाही म्हणाला असता, तर कुणाला नवल वाटलं नसतं. लाव्हेल थोडं पाणी प्यायला.

"कॉर्टेझ बोल्डन," तो म्हणाला. "आणि कोचला माहीत होतं."

पहिलं वाक्य विद्यापीठानं ताबडतोब उचललं. दुसऱ्याला पुरावा नव्हता. एका माणसाच्या गैरवर्तनाबद्दल विद्यापीठानं खेद व्यक्त केला, कॉर्टेझला कामावरून काढलं आणि लाव्हेलच्या उपचारांचा खर्च मान्य केला. कोचचा करार त्याच महिन्यात वाढला.

उपचार सुरू झाल्यावर लाव्हेल पुन्हा कॉर्टेझच्या घरी गेला. या वेळी आई गाडी चालवत होती. ती गाडीतच बसून राहिली.

कॉर्टेझनं दार उघडलं.

"शिव्या घालायच्या असतील तर घाल," लाव्हेल म्हणाला.

"घालून झाल्या. तू नव्हतास तेव्हा." कॉर्टेझ बाजूला झाला. "आत ये. आईंना बाहेर का बसवलंस? बोलव त्यांना."

कॉर्टेझच्या बायकोनं तळलेली मासळी आणि मक्याचा पाव वाढला. लाव्हेलला मात्र एकच गोष्ट दिसत होती. कॉर्टेझनं खिडक्यांना जाड चादरी लावल्या होत्या, दिवसाढवळ्या.

"तुलाही ऊन सोसत नाही," लाव्हेल म्हणाला. "कधीपासून?"

कॉर्टेझनं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

"ऑफेलियाबाईंना भेट. माझ्यापेक्षा जास्त वर्षं खेळलास तू. तूही मागणी कर."

"मग मलाही विचारतील, कुणी शिकवलं." कॉर्टेझनं पाव मोडला. "ज्यानं मला शिकवलं, तो आता इथल्या शाळेत मुलांना शिकवतो. चांगला माणूस आहे."

अर्नेस्टीननं ताट बाजूला सारलं. तिनं कॉर्टेझच्या बायकोकडे पाहिलं, मग कॉर्टेझकडे.

"मला त्या मास्तराचं घर दाखव," ती म्हणाली. "तुला त्याचं नाव घ्यावं लागण्याआधी मी जाऊन बोलते त्याच्याशी."