चौथं मोरपीस आन् माझं लग्न

माझं लग्न एका हॉटेलानं सहा वर्षं अडवून धरलं. हसू नका, खरं सांगते. घरात मी ह्यांना 'अहो' म्हणते, पण ही लग्नाआधीची गोष्ट हाय, म्हणून इथं याकोबला 'तो'च म्हणणार.

याकोब शिरूरच्या मिशन बोर्डिंगात वाढला. माझे बाबा, फिलिप मास्तर, तिथंच शिकवायचे. पुढं तो दौंड स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये बेअरर झाला. एका हातावर चहाचे सहा कप घेऊन सुटलेल्या गाडीमागं पळायचा, थेंब सांडत नसे. आत्याकडं जाताना मी ते बघितलं आन् संपलंच माझं. पण बाबांचं म्हणणं एकच, "ठेकेदाराची नोकरी आज हाय, उद्या न्हाई. परमनंट हो, मग पोरगी मागायला ये."

परमनंट नोकरी कुठं, तर मोरपीस हॉटेलात. आण्णा नावाच्या मालकानं महाबळेश्वरला अकरा खोल्यांच्या बंगल्यात ते काढलं होतं. पायाखाली गालिचे, न्हाणीघरात गरम पाण्याचे टब, उशीवर गुलाब! राजेरजवाडे उतरायचे म्हणे. पंचावन्न साली लोणावळ्याला दुसरं मोरपीस उघडलं. याकोब गेला, इंग्रजी येत न्हाई म्हणून परत आला. मग मेन्यूकार्डं पाठ करून तो सुपापासून पुडिंगापर्यंतचं इंग्रजी शिकला. अठ्ठावन्नला माथेरानला तिसरं निघालं. पांढऱ्या हातमोज्यांतनं बशी सटकली. पुन्हा परत! तिकडं हॉटेल वाढतंय, इकडं माझं वय वाढतंय. शेजारची दबोरामावशी येता-जाता विचारायची, "लिडे, लगीन आता काय चौथ्या हॉटेलाला का?" असा राग यायचा म्हणता!

एकसष्टला पुण्यात चौथं आलं, ऐंशी खोल्यांचं. तवर नगरच्या इसहाक नावाच्या कारकुनानं मला मागणी घातली होती. बाबा म्हणाले, "याकोबचं ह्या खेपेला न्हाई जमलं, तर इसहाकला होकार कळवतो." मी दोन दिवस धड जेवले न्हाई.

नोकरीची परीक्षा म्हंजी मेजवानीच होती. टेबलावर खुद्द आण्णा आन् आठ बडे पाहुणे, वाढणारा एकटा याकोब. सूप वाढून झालं, आन् झुंबराच्या दिव्यावरचं एक बारकं पाखरू थेट मुख्य पाहुण्याच्या वाडग्यात! पाहुणा गप्पांत दंग, पण चमचा हातात घेतलेला.

याकोब एकदम मोठ्यानं म्हणाला, "आपण डोळे मिटू या!"

बोर्डिंगात प्रार्थनेशिवाय घास नसे. आन् डोळे मिटले की पोरं एकमेकांची भाकरी लांबवायची, त्यात याकोब पटाईत. पाहुणे गोंधळले, पण आठही जणांनी डोळे मिटले की हो! "हे दयाळू देवबापा, या अन्नाबद्दल..." म्हणता म्हणता यानं वाडगा उचलला, दुसरा भरला, ठेवला, वर चमचा सरळ केला. "आमेन."

आण्णांनी तेवढे डोळे मिटले नव्हते. जेवणं उरकल्यावर त्यांनी याकोबला बाजूला घेतलं. "काय रे, प्रार्थना नेहमी एवढी लांब असते?"

"न्हाई साहेब. वाडगा बदलंपर्यंत लांबवली."

आण्णा पोट धरून हसले. नोकरी पक्की! याकोब तसाच यष्टीनं शिरूरला आला. "मास्तर, प्रार्थनेनं काम झालं!" असं दारातनंच ओरडला. बाबांचे डोळे भरून आले. "एवढ्या बड्या लोकांत देवाचं नाव घेतलंस? शाब्बास!"

झालं की! आता गप बसायचं. पण हा शहाणा गप बसतोय व्हय? "मास्तर, तुम्हाला फसवून पोरगी नेणार न्हाई," म्हणत त्यानं पाखरासकट सगळं सांगून टाकलं. मेल्या, सहा वर्षं थांबले ती ह्यासाठी? आजही आठवलं की चिडते मी.

बाबांचा चेहरा कडक झाला. देवाच्या नावाची चेष्टा त्यांना अजिबात खपायची न्हाई.

"मधले शब्द गाळलेस?"

"एकबी न्हाई, मास्तर."

"आन् आमेन?"

"म्हणालो. मोठ्यानं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग प्रार्थना झाली," ते म्हणाले. "लिडे, पाळकसाहेबांना निरोप धाड. येत्या रविवारी चर्चात तुम्हा दोघांची नावं लग्नासाठी वाचायला सांग."

निरोप कसला धाडते! मीच पळाले, अनवाणी.