शंभरातल्या सात म्हशी

"आजी, शंभरातून सात गेले, राहिले किती?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"काय गेलं?"

"समजा, म्हशी."

"मंग राहिल्या त्या काय मोजत बसलास? गेल्यात त्या शोधाया नको?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. मग पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द त्यांनी विचारले: आंबा, कोयता, घोंगडी. आईला एकही सांगता येईना. आपल्याला कुणी काही सांगितलं होतं, हेच तिला आठवत नव्हतं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

कोकण रेल्वे नवी होती. वीर स्टेशनवरून आईला घेऊन मी मुंबई गाठली होती. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं. विसरण्यामागे बरं होण्याजोगं दुसरं कारण तर नाही ना, ते पाहायला. तसं काही निघालं नाही. "डिमेन्शिया आहे, बहुतेक अल्झायमरचा," डॉक्टर म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे आठवण, विचार आणि रोजची कामं यांची घडी हळूहळू विस्कटत जाणं. त्याची कारणं बरीच. अल्झायमर हे त्यातलं नेहमीचं. आधी कालचं पुसलं जातं, जुनं उशिरापर्यंत टिकतं.

मी वर्षभर म्हणत होतो, वय झालं. आमटीत तीनदा मीठ पडलं तरी वय झालं. उमरठच्या वरच्या आमच्या वाडीची वाट, जिथे तिनं जन्मभर म्हशी हाकल्या, ती तिला सापडेना, तेव्हा कुठे माझ्या सरकारी डोक्यात प्रकाश पडला.

म्हशी चुलतभावाकडे सोपवल्या आणि आईला महाडला आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं. रोज सकाळी मी तिची परीक्षा घ्यायचो. वार कोणता? मी कोण? वाटायचं, सराव केला की डोकं चालू राहील. ती मला 'मास्तर' म्हणू लागली.

"अहो, पुरे करा," माझी बायको मंदा म्हणायची. "तुम्ही स्वतः सोमवारचा उपास मंगळवारी करता."

खरा घोर संध्याकाळचा. दिवेलागणीला आई गॅलरीत उभी राहून म्हशींना हाका मारायची, "चांदीऽ! मोरीऽ! भुरीऽ!" खालून फक्त रिक्षांचे हॉर्न. मग ती चपला घालून बाहेर पडायची. एकदा थेट हायवेवर, पोलादपूरकडे, म्हणजे वाडीच्या दिशेनं निघालेली. तिकडचंच भाडं सोडून परतणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्यानं तिला घरी आणलं. कडेनं ट्रक जात होते, म्हणाला.

आम्ही दाराला कुलूप लावलं. ती आतून दार बडवून रडली. मी एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन केला.

"दार सांभाळा, पण तेवढ्यावर थांबू नका," ते म्हणाले. "म्हशी इथे नाहीत हे पटवू नका. त्या शोधण्यामागे तिला काय हवंय, ते बघा."

परत येताना आठवलं. वाडीवर आई कधी म्हशी मोजायची नाही. अंगणातून एकेकीला नावानं हाक मारायची आणि उतरणीवरून ती ओ द्यायची. जिची ओ आली नाही, तिला शोधायला आई निघायची. इथे रोज तिघीही हरवत होत्या!

दुसऱ्या दिवशी आईनं "चांदीऽ" म्हणताच मी, पन्नाशीचा हेडक्लार्क, न्हाणीघरात शिरलो आणि बादलीत तोंड घालून हंबरलो.

आई थबकली. "मंदे, ही कुणाची गाय शिरली गो?"

वार आठवत नव्हता, पण गाय हंबरते आणि म्हैस रेकते हे मात्र पक्कं ठाऊक. मलाच ते विसरायला झालं होतं. मंदा पोट धरून हसत होती. मी आठवडाभर सराव केला. शेजाऱ्यांनी एकदा दारावर टकटक करून तब्येत विचारली.

पण आई शांत झाली. रोज नाही, काही संध्याकाळी माझं रेकणंही फुकट जायचं. डोनेपेझिल नावाची गोळी चालू होती. तिनं आजार जात नाही, काहींना थोडे दिवस सावरता येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांवर संशोधन चाललंय, असं पेपरात दिसलं की मी कात्रण त्यांच्याकडे घेऊन जायचो. "अजून हाती लागलं नाही, शोध चालू आहे," ते म्हणायचे. मला वाटायचं, बरंय. तेही नुसतं मोजत बसलेले नाहीत.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर माझ्यासारखी परीक्षा घेऊ नका. त्यांना काय येत नाही तेवढंच तुम्हाला कळतं, आणि दोघंही नापास होता.

वर्षभर आईनं मला नावानं हाक मारली नव्हती. एका संध्याकाळी तिघींची ओ देऊन झाली. मी बादली खाली ठेवली, तोच गॅलरीतून चौथी हाक आली.

"सख्याऽ!"

सवयीनं रेकणं गळ्यापर्यंत आलं होतं. ते गिळलं.

"आलो गो, आये."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "समदी आली." आणि खाली बसून पायातल्या चपला काढल्या.