मोरेकाका आणि लाटांचं तळं

मूल हातपाय आपटून रडायला लागलं की मोरेकाका त्याच्याकडे पाठ करून सरळ जमिनीवर बसायचे. जिना असो, दुकानाची पायरी असो, नाहीतर शांती नगरचा भर रस्ता. पँट मळेल याची त्यांना फिकीर नसे. समजूत काढायची नाही, दटावायचं नाही. खिशातला रुमाल काढून त्याच्या घड्या घालायच्या आणि मोडायच्या. थोड्या वेळाने ते मूलच मुसमुसत पुढे यायचं, हा माणूस करतोय तरी काय ते बघायला.

आम्ही गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा सई दोन वर्षांची होती आणि तिचं रडणं सगळ्या मजल्यांना ऐकू जायचं. पहिल्याच आठवड्यात बेल वाजली. तक्रार आली असणार, असं समजून मी दार उघडलं. दारात एक उंच, साठी उलटलेले गृहस्थ उभे होते.

"समोरचा मोरे," ते म्हणाले. "घाबरू नका. पोर रडतंय तोवर ठीक असतं. गप्प झालं की बघायचं." आणि आत येऊन सईकडे पाठ करून फरशीवर बसले.

काका मूळचे माणगावचे. औषधाच्या कंपनीत पॅकिंगवर आयुष्य गेलेलं. मुलगा पुण्याला, घरात ते आणि सुलभाकाकू. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. आईबापांना मात्र ते शांतपणे सुनवायचे. "तुमचा आवाज खाली आणा, तिचा आपोआप येईल," हे मला कितीदा तरी ऐकावं लागलं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंना तर म्हणाले होते, "बेन, बच्चा नहीं चिल्ला रहा, आप चिल्ला रहे हो." त्या रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन यांच्याच दारात उभ्या.

सई सहा वर्षांची झाली त्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं होतं. काका लिफ्टमध्ये शिरायचे आणि कुठलंच बटण न दाबता उभे राहायचे. एकदा चप्पल चोरली म्हणून वॉचमनच्या अंगावर धावून गेले. चप्पल त्यांच्याच पायात होती. आम्ही हसण्यावारी नेलं. काकू हसल्या नाहीत. हल्ली त्या काकांचं प्रत्येक वाक्य स्वतःच पूर्ण करायच्या, इतक्या घाईने की काका कुठे अडले ते समोरच्याला कळूच नये.

मे महिन्यात सोसायटीची सहल विरारच्या पुढच्या एका वॉटर पार्कला निघाली. बसमध्ये काका आमच्या पुढच्याच सीटवर होते. वर्सोव्याचा पूल ओलांडताना त्यांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"पाण्यात खेळायला," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. काकूंनी त्याच सुरात उत्तर दिलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पार्कात ऊन मी म्हणत होतं. स्पीकरवरच्या गाण्यांमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे भाड्याच्या नायलॉन कपड्यांतली कुटुंबं एकमेकांवर खेकसत होती. आमचीही पाळी आली. मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत बराच वेळ काढल्यावर, अगदी आमचा नंबर आला आणि सईने लोळण घेतली. तिला जायचं नव्हतं. मी ओरडले. "आधी कशाला चढवलंस तिला?" म्हणून माझा नवरा प्रशांत माझ्यावर ओरडला. मागचे लोक ढकलायला लागले.

सईला उचलून जिना उतरलो, तर खाली काका उभे होते. "द्या इकडे," ते म्हणाले. "तुम्ही दोघं आधी निवा." आणि सईचा हात धरून गर्दीत निघून गेले. आम्हाला हायसं वाटलं. जवळच्या बाकावर खात बसलेल्या काकूंनी मात्र प्लेट बाजूला ठेवली. "कुठे नेलं त्यांनी तिला?" एवढंच त्यांनी विचारलं, पण ते विचारताना त्यांचा चेहरा असा उतरला की मी चपला न घालता पळत सुटले.

आमचं सामान ठेवलेल्या झाडाखाली ते नव्हते. कँटीनमध्ये नव्हते. शेवटी प्रशांतला ते लाटांच्या तळ्यात दिसले. लाटा बंद होत्या. काका खोल बाजूच्या भिंतीकडे सावकाश चालत निघाले होते आणि त्यांच्या मुठीत सईचं मनगट होतं. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. आजूबाजूचे लोक खेळण्यात दंग होते. आजोबा आणि नात, कुणाला काय वाटणार? सई रडत नव्हती. तिच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

प्रशांतने पाण्यात झेप घेतली आणि सईला धरलं. काका गर्रकन वळले.

"कोण तू? पोरीला हात लावायचा नाही!"

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी प्रशांतच्या छातीवर जोराने गुद्दा मारला. काठावरून लाइफगार्ड शिट्ट्या फुंकत ओरडत होता, "अंकल, बच्ची को छोडो! पानी चालू होनेवाला है!" आणि लाटांचा भोंगा वाजला. सगळं तळं आनंदाने किंचाळलं.

माझ्या बाजूने काकू साडीसकट पाण्यात उतरल्या. पहिली लाट आली तेव्हा प्रशांतने सईला खांद्यावर उचलून धरलं होतं, तरी काकांची मूठ सुटली नव्हती. काकू त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. त्या ओरडल्या नाहीत. "अहो, पानं वाढलीत. चला जेवायला," त्या म्हणाल्या. काका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि निमूटपणे चालू लागले.

काठावर आल्यावर त्यांनी मूठ उघडली. मग ओल्या फरशीवर बसून टाचा आपटत ते रडले. "घरी जायचंय! मला घरी जायचंय!" लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. कुणीतरी हसलंही. काकू त्यांचं डोकं पोटाशी धरून उभ्या होत्या.

परतीच्या बसमध्ये काकू आमच्या शेजारच्या सीटवर होत्या. सईच्या मनगटावर बोटांचे वळ उमटले होते. ते बघून काकू हलकेच म्हणाल्या, "दिवाळीपासून चाललंय. मला वाटायचं, कुणाला कळलं नाही तर वाढणार नाही."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो मागे फिरत नसतो हेही सांगितलं. पुण्याच्या मुलाने दोघांना माणगावला न्यायचं ठरवलं. काका पुढे तिथेच वारले. शेवटी त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, असं काकू फोनवर म्हणाल्या. पण माणगावला निघायच्या आदल्या सकाळी ते आमच्याकडे आले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, नजर अगदी स्वच्छ.

"त्या दिवशी ते ठिकाण कुठलं, पोर कुणाची, काही कळेना मला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "फक्त एवढं कळत होतं, की या गर्दीत हात सुटला तर पोर गेली. म्हणून सोडला नाही."

"काका, आत या ना."

"नको. उद्या तेवढंही कळणार नाही मला. पोरीला माझ्याकडे देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका."

तेवढ्यात सई आतून धावत आली. खाली खेळायला जायचं म्हणून तिने सवयीने हात पुढे केला. काकांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"आज एकटी उतर गो बाय," ते म्हणाले. "मी इथून बघतो."

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. काका वाकून बघत राहिले, आणि पाठीमागे गुंतवलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.