पाण्याच्या आवाजातला तळ

गजराचं घड्याळ मी जंगलात न्यायच्या ट्रंकेतून बाहेर काढलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. तंबूत ते पहाटे उशाशी ठणाणा वाजलं असतं, शेजारच्या तंबूतून फोरमन साहेब उठून आले असते, आणि आमचे हे मात्र घोरत पडलेले दिसले असते. ह्यांचे कान गेले होते. ही गोष्ट उभ्या भिलाईत आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि फोरमनला तर ती मुळीच कळू द्यायची नव्हती.

आमचं घर भंडाऱ्याकडचं, धान पिकवणारं. लोखंड म्हणजे नांगराचा फाळ, एवढीच आमची ओळख. भिलाईला भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा हे रिव्हेट ठोकणाऱ्या टोळीत लागले आणि वर्षानुवर्षं दिवसभर तो घणाचा मार कानांवर घेत राहिले. फोरमन साहेब त्याच टोळीतले. नागपूरच्या रेल्वेवाल्यांचा मुलगा, चार बुकं जास्त शिकलेला, म्हणून पुढे गेले. कारखाना सुरू झाला तेव्हा ह्यांना क्रेनवर घेतलं. वर छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या पोलादाने भरलेली अजस्र बादली उचलून न्यायची. खाली उभं राहून साहेब हाताने खुणा करायचे. बोट वर फिरवलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ आवळली की जिथे आहेस तिथे थांब. धुरात हात दिसला नाही तर शिट्टी. आणि वरून ह्यांनी घंटा वाजवली की खालच्यांनी बाजूला व्हायचं.

खुणांमध्ये ह्यांचा हात कोणी धरला नसता. आमचा संसारही त्याच भाषेत चालायचा. बोट वर फिरवलं की उठा, चहा झाला. मूठ दाखवली की आता पुरे, तोंड आवरा. ही मूठ मला दाखवण्याची वेळ ह्यांच्यावर फार यायची, कारण मी मुळात तिखट जिभेची.

त्या थंडीत एकदा धूर दाटला, खालून शिट्टी वाजली आणि क्रेन थांबलीच नाही. खाली काम करणाऱ्या एका खलाशाने, म्हणजे मदतनिसाने, बाजूला उडी मारली म्हणून तो वाचला. बादली रिकामी होती, हे नशीब. त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि घास काही उचलला नाही. शिट्टी धुरात विरली असेल, अशी खात्यात समजूत झाली. पण क्रेनवाल्यांचे कान तपासायचे आणि ज्याच्याबद्दल शंका असेल त्याचं नाव फोरमनने द्यायचं, असंही ठरलं. त्याच आठवड्यात साहेब ह्यांना म्हणाले, "चाल, दोन दिवस बायकांना घेऊन कान्ह्याच्या जंगलात राहून येऊ. तूही थकला, मीही."

हा माणूस परीक्षा घ्यायला नेतो आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. नाही म्हणावं तर संशय पक्का. हो म्हणावं तर दोन दिवस आणि दोन रात्री अंगाला अंग लागून काढायच्या. कान गेल्याचं कळलं की क्रेन गेली, क्रेन गेली की सेक्टर दहामधलं क्वार्टर गेलं, आणि मग दिराच्या धानाच्या बांधीत उपऱ्यासारखं राबायचं. त्या खलाशाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तोही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

ताडपत्री, दोर, खुंट्या, तांदूळ, बेसन, सगळं बांधलं; पण माझी भिस्त दिव्यांवर होती. हे समोरच्याचे ओठ वाचायचे. उजेड असेपर्यंत कोणाशीही गप्पा मारतील, अंधार पडला की सारं संपलं. म्हणून मी दोन कंदील घेतले, रॉकेलचा डबा घेतला आणि सुपेल्याच्या बाजारातून पेट्रोमॅक्सची बत्ती भाड्याने आणली. आमच्या पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवलं. सकाळी साहेब जीप घेऊन आले तेव्हा माझं सामान पाहून त्यांच्या बायकोने कमरेवर हात ठेवले.

"कावून जी, जंगलात वरात काढता का?"

"मले अंधाराचं भेव वाटते, वयनी."

मग त्यांची गोणी उघडली तर तिच्यातूनही तीन कंदील आणि हातभर लांब टॉर्च निघाली. मोठ्या लोकांचा थाट, असं मनात म्हणून मी जीपमध्ये चढले.

जंगलाच्या नाक्यावर एक वनरक्षक आमच्यासोबत दिला. तळासाठी त्याने पहिली जागा दाखवली ती सालाच्या झाडांखाली, सपाट, समोर गवताचं मोकळं मैदान. "यहाँ पत्ता गिरे तो भी सुनाई देता है," तो कौतुकाने म्हणाला. तिथे तर ह्यांचं बहिरेपण लगेच उघडं पडलं असतं. खाली एक ओढा खडकांवरून धो धो कोसळत होता, तिथे तंबू ठोकला तर कोणालाच कोणाचं नीट ऐकू येणार नव्हतं. भांडी घासायला पाणी जवळ हवं, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात साहेबांनीच ओढ्याकडे बोट केलं.

"तिथं."

वनरक्षकाने मान हलवली. पाण्यावर जनावर येतं, रात्री आवाजात काही कळणार नाही, म्हणून तो वाद घालत राहिला. साहेब ऐकेनात. वहिनीही म्हणाल्या, "तिथंच बरं." मला देव पावल्यासारखं झालं. ज्याने परीक्षा घ्यायची त्यानेच कॉपी करू दिली, असं वाटून मी खुंट्या ठोकायला लागले.

संध्याकाळ पेट्रोमॅक्सच्या झोतात निभली. साहेब अखंड बोलत होते, जुन्या टोळीचे किस्से एकातून एक काढत होते, आणि हे त्यांच्या ओठांवर डोळे रोवून बरोबर जागी हसत होते. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी आम्ही दोघी धबधब्याच्या अगदी खाली घागरी भरत होतो. पुरुष बरेच वर, वाळूवर चुलीशी बसले होते, पाठीमागे झुडपं. वनरक्षक काठावर होता, आमच्यापेक्षा त्यांच्या कितीतरी जवळ. एकाएकी तो ओरडला, "भालू! हिलना मत!" पाण्याच्या त्या गदारोळातही मला ऐकू आलं. झुडपांतून अस्वल निघालं होतं, पाठीवर पिल्लू. वनरक्षकाने डबा बडवला. हे चुलीत फुंकर घालत होते. उठायच्या बेतात होते.

मी घागर टाकून धावले. हाक मारण्यात अर्थ नव्हता, ह्यांच्या नजरेसमोर पोचायला हवं होतं. समोर येऊन मी मूठ आवळून वर धरली. ह्यांनी पाहिलं आणि होते तसे थिजले. तेव्हा मला दिसलं की वहिनीही माझ्या शेजारी उभ्या आहेत, साहेबांच्या बरोबर समोर, धापा टाकत, आणि त्यांचीही मूठ वर आहे. साहेबही थिजलेले. डबा अजून वाजत होता आणि दोघांपैकी एकाचीही मान तिकडे वळली नव्हती. अस्वल त्यांच्या पाठीमागून, तंबूच्या दोरीभर अंतरावरून, ओढ्याकडे उतरलं आणि पलीकडे निघून गेलं.

वहिनींनी मूठ खाली घेतली, पण आता माझ्याकडे बघेनात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रिव्हेटच्या टोळीपासूनच," त्या म्हणाल्या. "तुमचेही?"

मी मान हलवली. आधी मला हसू फुटलं, सुटल्याचं हसू. ज्याने दुसऱ्याचं नाव द्यायचं, तो स्वतःच तपासणीच्या धास्तीने इथे लपायला आला होता. मग ते हसू मावळलं. वर घंटा वाजवणारा बहिरा, खाली ज्याने ती घंटा ऐकायची तो बहिरा, आणि दोघांच्या मध्ये उकळतं पोलाद. तिथे रोज माणसं कामाला येत होती. मला अस्वलापेक्षा जास्त भीती त्या क्षणी वाटली.

"घरी गेल्यावर बोलू ह्यांच्याशी," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "नोकरीचं काय होईन, माहीत नाही."

"घरी गेल्यावर आपण दोघी पुन्हा गप्प बसू, वयनी. मी मले वळखतो. इथंच सांगू, उजेड आहे तवरी."

आम्ही जाऊन त्यांच्यासमोर वाळूत बसलो. ह्यांनी वळून अस्वलाचे ठसे पाहिले होते आणि आता हे मोठमोठ्याने साहेबांना त्याचीच गोष्ट सांगत होते. साहेब मान डोलावत होते. मी मूठ आवळून वर धरली. दोघेही एकदम गप्प झाले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.